तिसरी उडी

स्वातीची दुसरी उडीही फुकट गेली. पंचाने लाल बावटा वर केला आणि पडद्यावर तिचा बूट मोठा करून दाखवला. पुढचे टोक पांढऱ्या पट्टीच्या बोटभर पलीकडे पडले होते. पात्रता फेरीत उड्या तीनच. आता एक उरली होती.

"अशोक, तुझ्या चेडवाच्या पायांक चक्रां आसत रे," सोफ्यावर रेललेला प्रशांत म्हणाला. "थांबूकच येणा नाय तिका."

"व्हय साहेब, लहानपणापासनं तशीच ती," अशोक कसनुसा हसला.

खुर्च्या रिकाम्या असूनही तो आणि त्याची बायको चंद्रभागा खाली बसले होते. कोल्हापूरकडून गोव्यात, डिचोलीच्या कारखान्यात कामाला आलेली ही माणसे. त्यांची मुलगी आज इंग्लंडात, राष्ट्रकुल स्पर्धेत, भारतातर्फे लांब उडी मारत होती. खोलीवरचा टीव्ही दमट हवेने बंद पडला म्हणून ती दोघे इथे प्रशांतच्या घरी आली होती, आणि त्याच्या बायकोला, सुमंगलाला, नको म्हणता आले नव्हते. चंद्रभागा सकाळीच नार्व्याला जाऊन सप्तकोटेश्वरापुढे नारळ ठेवून आली होती. प्रसादाचे जास्वंद अजून तिच्या मुठीत होते, आणि त्याचा लगदा झाला होता.

सुमंगला उच्च माध्यमिकला पदार्थविज्ञान शिकवायची. ऑलिंपिक असो, एशियाड असो, एकाही स्पर्धेचे उद्घाटन तिने आजवर चुकवले नव्हते. कुठल्याशा चिमुकल्या बेटाचे तीनच खेळाडू मोठा झेंडा घेऊन निघाले की तिचे डोळे भरून यायचे. या वेळी आले नाहीत. भारताचा संघ आला तेव्हा तिने आवाज बंद केला आणि रांगेत स्वातीला शोधले. सापडल्यावर तिच्या शेजारची जागा पाहिली. तिथे दुसरीच कुणी मुलगी हात हलवत चालली होती.

ती जागा गौरवीची होती, सुमंगलाच्या मुलीची. डिचोलीच्या मैदानावर दोघी एकाच खड्ड्यात उड्या मारत मोठ्या झाल्या. गौरवी नेहमी वीतभर पुढे पडायची. स्वातीची उडी चुकू लागली की पट्टीशेजारी उकिडवी बसून तिच्या पायावर नजर ठेवायची ती गौरवीच.

मग पासपोर्ट आला. प्रशांतचे वडील पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले, त्यामुळे नातीला लिस्बनच्या दप्तरात नाव घालून तिथला पासपोर्ट काढायचा हक्क होता. वाड्यावरच्या बहुतेकांनी घातले होते. "कपाटात पडान ऱ्हवात. तां काय जेवण मागता?" प्रशांत म्हणाला होता. एकोणीस वर्षांच्या गौरवीने बापाने दाखवले तिथे सही केली. प्रयोगशाळेत बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय मुलांना बूच काढू न देणाऱ्या सुमंगलाने त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. पुढे भारतीय संघाच्या शिबिराचे बोलावणे आले, तेव्हा कळले की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला त्याच क्षणी या देशाचे नागरिकत्व संपले होते. "मगे पोर्तुगालातर्फे मार उडी," नाक्यावर कुणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. पोर्तुगालात तिला कुत्रेही ओळखत नव्हते.

अशोकचे वडील गडहिंग्लजचे. त्याला लिस्बनमध्ये कोण विचारणार होते? स्वाती भारताचीच राहिली.

गौरवी त्याच पासपोर्टवर इंग्लंडला गेली. आता एका गोदामात खोकी भरत होती. दर रविवारी फोनवर सुमंगला आडून आडून विचारायची आणि ती सांगायची, "आई, माका त्या खेळाचा आता काय्येक पडलेला नाय. बघतंय सुद्धा नाय." या एका वाक्यावर सुमंगला तीन वर्षे झोपू शकली होती. पोरीला तिथे काही दुखत नसेल, तर इथे झाले ते निभावून नेता येण्यासारखे होते.

पडद्यावर दुसऱ्या देशांच्या मुली उड्या मारत होत्या. सुमंगला उठली, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिने गौरवीला फोन लावला. तेच वाक्य तिला आज पुन्हा ऐकायचे होते.

"कामार आसंय, आई," गौरवी घाईने म्हणाली. "काय जाला?"

"काय नाय गो. स्वातीच्या दोनय उड्यो गेल्यो."

"हां? माका खंय वेळ बघूक."

तिच्या मागे टाळ्या सुरू झाल्या. आधी सावकाश, एका ठेक्यात, मग जलद. गोदामात टाळ्या कशाला वाजवतील, असे मनात येते न येते तोच टाळ्या थांबल्या. आणि मग टीव्हीतून त्याच टाळ्या सुरू झाल्या. आधी सावकाश, एका ठेक्यात, मग जलद. जमैकाची मुलगी धावत आली आणि वाळूत पडली.

टीव्हीचे थेट चित्रही उपग्रह आणि केंद्रांतून फिरून अर्धाएक मिनिट उशिरा पोचते, हे सुमंगला वर्गात शिकवत असे.

"गौरवी," ती हळू म्हणाली.

पण गौरवीचे लक्ष फोनकडे नव्हते. "मागे घे गो! स्वाती! एक पाऊल मागे!" ती ओरडत होती. मैदानावरचा तोच आवाज, घसा फाटेपर्यंत.

थोड्या वेळाने पडद्यावर स्वातीने प्रेक्षकांकडे मान वळवली, चमकली, आणि धावेच्या सुरुवातीची खुणेची पट्टी उचलून पाऊलभर मागे चिकटवली.

"काय करतीया ही?" चंद्रभागेने डोळे गच्च मिटले. "मला न्हाई बगवत. बाई, तुम्हीच सांगा वो काय हुतंय ते."

फोनमध्ये सगळे शांत झाले. मग एकदम गलका उठला आणि त्यातून गौरवीची किंकाळी आली, "पांढरो! पांढरो बावटो!" पुढे नुसते हुंदके. ते आनंदाचे होते असे कुणीही म्हटले असते. सुमंगला म्हणू शकली नाही.

पण क्षणभरच. मग गौरवी नाक ओढत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, मागीर करतंय फोन. सुपरवायझर येता." आणि तिने फोन ठेवला.

टीव्हीवर स्वाती अजून खुणेच्या पट्टीवर पाय जुळवत उभी होती.

"सांगा की वो बाई," चंद्रभागा डोळे न उघडताच म्हणाली. "जमंल न्हवं तिला?"

सुमंगलाला माहीत होते. एक शब्द पुरला असता. तिने त्या बाईच्या मिटलेल्या डोळ्यांकडे, मुठीतून ओघळणाऱ्या लाल रसाकडे पाहिले आणि काहीही सांगितले नाही. घाबरू दे थोडी, असे तिच्या मनात आले, आणि आलेले तिने परतवले नाही.

स्वाती धावली. पांढरा बावटा वर गेला आणि पडद्यावर पात्रतेपेक्षा जास्त अंतराचा आकडा आला. अशोक उठून उभा राहिला आणि उभ्या उभ्याच रडू लागला. चंद्रभागेने वाकून सुमंगलाचे पाय धरले. "तुमच्या घरात झालं बगा, बाई," असे काहीतरी ती म्हणत होती.

"अगो, गौरवीक फोन लाय!" प्रशांत सोफ्यावरून ओरडला. "सांग तिका, स्वाती अंतिम फेरीत गेली म्हणान!"

"ती कामार आसा," सुमंगला म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.