कलिंगड संपेपर्यंत

आल्तामुराहून सायकलींवर निघून तिसरा दिवस उजाडला तरी गटातलं कुणी मारिलेनाशी सरळ बोललं नव्हतं. बोलायचं ते तिच्या डोक्यावरून, एकमेकांशी.

"वारा आमच्या छातीवर आणि तोरिनोच्या बाईसाहेब आमच्या पाठीमागे," सगळ्यांत पुढे सायकल हाणत असलेला विटुच्चो मान न वळवता म्हणाला.

"मघाशी पुलापर्यंत पुढे मीच होते," मारिलेना म्हणाली.

"हो का? मला वाटलं, वारा आपोआप पडला."

सावेरियो हसला. हा औषधांच्या दुकानाचा मालक. विटुच्चोनं विनोद केला की हसायचं काम त्याच्याकडे होतं. "गोचीड बरी, विटू. ती निदान बैलाशी वाद घालत नाही."

एकामागे एक अशी ओळ धरून सायकल चालवायची, पुढच्यानं वारा फोडायचा, दमला की बाजूला होऊन मागे यायचं आणि दुसऱ्यानं पुढे जायचं. आपली पाळी न घेता नुसतंच दुसऱ्याच्या चाकाला चिकटून राहणाऱ्याला हे लोक चोरापेक्षाही खालचा समजत. मारिलेना न सांगता पुढे आली आणि दरीतला गरम वारा तोंडावर घेत चालवत राहिली. मागून कुणी शाबास म्हटलं नाही. तिची तशी अपेक्षाही नव्हती. अंगातली बापाची पिवळी जर्सी वाऱ्यानं शिडासारखी फुगत होती. तिनं ती पाठीवर पिनांनी आवळून घेतली होती, तरीही.

हा प्रवास तिच्या बापानं, दोनातो लाकावानं, सुरू केलेला. दर जूनमध्ये आल्तामुराहून निघायचं, बाझिलिकाताचे डोंगर चढत-उतरत कालाब्रियाच्या समुद्रावर जायचं. या प्रवासात एक रिवाज होता. रस्ता ज्याच्या जन्मगावातून जाई, त्यानं गावाखालच्या चढापासून एकट्यानं पुढे जायचं. बाकीच्यांनी मुद्दाम रेंगाळायचं. वर त्याच्या घरच्यांनी रस्त्यातच टेबल मांडलेलं असायचं. त्यानं सगळ्यांचे मुके घ्यायचे, थोडं रडायचं, धूळ गेली म्हणून डोळे पुसायचे. तोवर गट गावच्या पाटीपाशी येऊन उभा राहायचा. त्यानं हात वर केल्याशिवाय पाटी कुणी ओलांडायची नाही. दोनातो म्हणायचा, दरबारातसुद्धा एवढी शिस्त नसेल.

गेल्या वर्षी त्याच्या गावाखाली, पिएत्राफोस्काच्या चढाला, तो असाच पुढे गेला. गट खाली कारंज्यापाशी बसला. विटुच्चोनं स्वतः कलिंगड कापलं. "बसा रे, घाई नको. बहिणीशी बोलू दे त्याला मनासारखं." आणि वर, ओकाच्या झाडाखालच्या वळणावर, दोनातो सायकलशेजारी आडवा झालेला होता. हृदय थांबलं होतं.

हे मारिलेनाला अंत्यविधीच्या वेळी नीनीनं सांगितलं. नीनी जन्मभर बस चालवलेला, मनाचा सरळ माणूस. तिचे दोन्ही हात धरून रडत म्हणाला, "शेवटपर्यंत त्याचा मान राखला आम्ही, पोरी. कलिंगड संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही."

ते वाक्य घेऊनच ती उत्तरेला, तोरिनोला परतली. हिवाळाभर, शाळेत शिकवून झालं की, पो नदीच्या काठानं धुक्यात सायकल चालवत राहिली. तिला एवढंच हवं होतं: बापाची राहिलेली वळणं पुरी करायची, एकटीनं, सगळ्यांच्या आधी, आणि आत्याच्या टेबलापाशी जाऊन उभं राहायचं.

आज त्याच कारंज्यापाशी गट थांबला. बाटल्या भरल्या जात होत्या. मारिलेना सायकलवरून उतरली नाही.

"इथून मी पुढे जाते."

"सगळे एकत्र जाणार," विटुच्चो म्हणाला. त्याची आल्तामुरात पावाची भट्टी होती. हात जाड, भाजल्याच्या डागांचे, आणि आवाजही तसाच.

"पुढे जायचा मान गावच्या माणसाचा."

"तू बारी शहरातल्या दवाखान्यात जन्मलीस. तुला कसलं गाव?"

"बापाचं."

"बापाकडून घर येतं, शेत येतं, भांडण येतं. गाव येत नाही."

"मग भांडण समज."

"जाऊ दे ना, विटू," सावेरियो म्हणाला. "दुसऱ्या वळणावर चालत दिसेल."

"तू गप रे! तो रिवाज गेल्या वर्षी संपला. या गटातलं कुणी एकटं पुढे जाणार नाही. ज्याला जायचंय त्यानं दुसरा गट बघावा."

"गट माझ्या बापानं काढला."

"आणि समुद्रापर्यंत पोचवला मी. दर वर्षी."

"सगळ्यांना नाही," मारिलेना म्हणाली.

नीनीनं नळ बंद केला. पाण्याचा आवाज थांबल्यावर कुणालाच कुठे बघावं कळेना. तिनं पॅडलवर पाय दाबला आणि चढाला लागली.

पहिल्या वळणावर तिला मागे साखळीची करकर ऐकू आली. विटुच्चो होता. पुढे जायला बघत नव्हता. नुसता तिच्या मागच्या चाकाला धरून येत होता, भट्टीच्या भात्यासारखा धापा टाकत.

"आता गोचीड कोण?" ती ओरडली.

तो चाकाला चिकटूनच राहिला.

ती वाट द्यायला बाजूला झाली, तर तोही बाजूला झाला. तिनं जोर लावला, त्यानंही लावला. साठी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, चेहरा टोमॅटोसारखा झालेला, तरी चाक सोडेना.

"मागे हो, विटुच्चो! एवढं तरी एकटीला करू दे."

"रस्ता सरकारी आहे."

"माझ्या बापाचा शेवटचा रस्ता आहे हा."

"ठाऊक आहे. मीच उचलला त्याला इथून."

ओकाचं झाड आलं. सावली होती, पण ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा चढवत नेण्याचं बळ उरलं नसतं. तिनं फक्त मान वळवून तिथल्या खडीकडे पाहिलं. खडीच होती.

"हळू घे," मागून आवाज आला. "इथला चढ फसवा आहे. सपाट दिसतो."

"माझ्या बापाला सांगितलंस हे?"

मागे चाक खडीवरून घसरलं, सावरलं.

"नाही," विटुच्चो म्हणाला. "त्याचं गाव. त्याला मी काय सांगणार?" आणि मग, दम खात, "कुणाला नजरेआड जाऊ देणार नाही आता. शिव्या घाल हव्या तेवढ्या."

"वर्षभर उशीर झाला तुला."

शेवटचं वळण संपलं आणि पिएत्राफोस्काची पाटी दिसली, शिकाऱ्यांनी गोळ्या झाडून भोकं पाडलेली. पाटीपाशी येताच मागची करकर बंद पडली. मारिलेनानं वळून पाहिलं. विटुच्चो एक पाय जमिनीवर टेकून उभा होता. मान खाली, पुढचं चाक पाटीच्या अलीकडे.

ती आत गेली.

इंकोरोनाता आत्यानं दारासमोर, रस्त्यातच टेबल मांडलं होतं. पांढरी चादर, पाव, सुकं सॉसेज, आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवलेलं कलिंगड. आत्या काळ्या कपड्यांत, हातात सुरी. तिनं सुरी न ठेवताच भाचीला मिठी मारली.

"वाळलीस ग पोरी. उत्तरेत जेवायला देतात की नुसतं काम करून घेतात?" मग जर्सीची कॉलर दोन बोटांत धरली आणि सोडली. "गेल्या वर्षी हेच टेबल होतं. हीच चादर. संध्याकाळी मी एकटीनं उचललं."

"माहीत आहे, आत्या."

आत्यानं डोळ्यांवर हात धरून पाटीकडे पाहिलं. बाकीचेही येऊन पोचले होते. खालून गावाला वळसा घालून जाणारा रस्ता त्यांना माहीत होता. त्या रस्त्यानं कुणी गेलं नव्हतं. सगळे सायकली धरून रणरणत्या उन्हात उभे.

"हात कर की त्यांना. मरतील उन्हात."

"एवढ्यानं कुणी मरत नाही. कलिंगड काप."

आत्यानं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि कलिंगड कापलं. मारिलेनानं खुर्ची उचलली, पाटीकडे तोंड करून ठेवली आणि बसली. दिसू दे त्यांना. तिनं पहिली फोड घेतली. एकेक बी काढून ताटाच्या कडेला ठेवत, सावकाश खाऊ लागली. नीनीनं रुमाल डोक्यावर घेतला. सावेरियो काहीतरी बोलला, पण हसलं कुणीच नाही. विटुच्चोनं टोपी काढून हातात धरली होती.

गेलं वर्षभर तिच्या डोक्यात ते कलिंगड संपतच नव्हतं. वर बाप पडलेला, आणि खाली ही माणसं खातायत, उन्हं कलली तरी खातायत, रस गळ्यावरून ओघळतोय, खातायत. ती मुद्दाम हळू खात होती. तरी बघता बघता ताटात नुसती सालं उरली. टेबलाची सावली जिथं होती तिथंच होती. आत्याचा सुरीचा हात अजून ओला होता.

एवढाच वेळ होता? एवढ्यात धावत गेलं असतं तरी कुणी पोचलं असतं का वर?

तिचा उजवा हात मांडीवर होता, रसानं चिकट झालेला. तो उचलायचा होता, बस. पाटीपाशी सगळे त्या हाताकडेच बघत होते.

"झालं तुझं?" आत्यानं विचारलं.

"नाही," मारिलेना म्हणाली. "अजून एक फोड दे."