उरलेली लस

मी सूड घेतला आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको.

बाबांच्या मागे त्यांचं सलून मी चालवते. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि भिंतीपलीकडे औषधांचं दुकान. त्या दुकानदाराला सगळी गल्ली मिशीवाला म्हणते. मिशी आहेच तशी, दोन्ही टोकांना पीळ दिलेली, आणि इतकी वर्षं ती माझ्याच कात्रीने राखलेली. त्याच्या दुकानाची पाटी माझ्या नवऱ्याने रंगवली. घरं, दुकानं, पाट्या रंगवणं हेच त्याचं काम. मजुरी घेतली नाही. म्हणाला, शेजारी आहे, त्याच्याकडून काय घ्यायचं!

गेल्या हिवाळ्यात कोविडची त्या मोसमाची नवी लस आली. सरकारी दवाखान्यात फुकट, पण पासष्टच्या पुढच्यांनाच. माझा नवरा अठ्ठावन्नचा. रंगांच्या वाफा हुंगून छाती आधीच अधू, पण खिडकीवरच्या बाईंना छाती दिसत नव्हती, फक्त वय दिसत होतं. मिशीवाल्याकडे लस विकत मिळायची. किंमत ऐकली आणि नवरा म्हणाला, "राहू दे गं, एवढ्यात आपला महिना निघतो."

आता त्या लशीची गंमत अशी, की एका बाटलीत सहा जणांची लस असते. बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची, उरली तर फेकायची. हे मला मिशीवाल्यानेच माझ्या खुर्चीत बसून ऐटीत सांगितलं होतं. म्हणून एका संध्याकाळी त्याचं शटर अर्धं खाली आलेलं असताना मी नवऱ्याला घेऊन गेले. म्हटलं, "भाऊ, आज काही उरली असेल तर यांना द्या ना. नाहीतरी फेकणारच."

उरली होती. त्याच्या हातातल्या बाटलीत मला दिसत होती.

"दुकान बंद झालं, वहिनी," तो म्हणाला. "उरलेल्याचं काय करायचं ते माझं मी बघतो. आज तुम्हाला फुकट दिली तर उद्या अख्खी गल्ली दारात उभी राहील." आणि आमच्या डोळ्यांदेखत बाटली डब्यात टाकली. नवरा मलाच म्हणाला, "चल गं, त्याचाही धंदा आहे."

पुढच्याच महिन्यात नवऱ्याला कोविड झाला. हॉस्पिटल झालं, ऑक्सिजन झाला, साठवलेलं सगळं गेलं. माणूस परत आला हे नशीब, पण अर्धाच आला. आमची खोली सलूनच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. आता जिना चढताना तो दोनदा थांबतो. त्याची शिडी सलूनच्या मागे आडवी पडली आहे, तिच्याकडे तो बघतसुद्धा नाही. ती दिसली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

यंदा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "लस चुकवू नका. पुन्हा झाला तर ही छाती तग धरणार नाही." आणि यंदा मिशीवाल्याने किंमत जवळजवळ दुप्पट केली. मी म्हटलं, थांब लेका, तुझी जिरवते.

माझ्याकडे काय होतं? तोंड. खुर्चीत बसलेला माणूस हलू शकत नाही, ऐकतो. ज्याच्या त्याच्या मानेभोवती कापड बांधताना मी सांगायला लागले, "लस विकत कशाला घेता? तो रोज उरलेली फेकतो. शटर पडायच्या वेळेला जा आणि मागा." रिक्षावाला, शाळेतले मास्तर, शेजारची शिंपीण, सगळ्यांना सांगितलं. आठवडा उलटला नाही तोच संध्याकाळी त्याच्या दारात गर्दी व्हायला लागली. मिशीवाला घामाघूम. मी आरशातून बघत होते, काळजाला काय गारवा वाटला म्हणून सांगू!

आणि तिथेच मी माती खाल्ली. माझ्या लक्षात आलं नाही, ते नवऱ्याच्या आलं.

"अगं, दिवसा कुणीच विकत घेत नाही," तो म्हणाला. "मग तो बाटली उघडेल कशाला? आणि उघडलीच नाही, तर उरणार काय? मला मिळणार काय?"

मोसम सुरू झाला होता. खालच्या मजल्यावर दोन घरं खोकत होती. रात्री नवरा कुशीवर वळला तरी मी कान देऊन त्याचा श्वास ऐकायची. पण आता माघार घ्यायची कशी? बोललेलं गल्लीभर झालं होतं.

तेवढ्यात मिशीवालाच आला. संध्याकाळची वेळ, बाहेर त्याच्या दारात पाच-सहा जण ताटकळलेले.

"वहिनी, काय लावलंय हे तुम्ही? सगळा माल फ्रीजमध्ये पडून आहे. मुदत संपत आली."

"बसा आधी," मी म्हटलं. "उद्या सत्कार आहे ना तुमचा?"

तर ऐका. औषधविक्रेत्यांची संघटना दुसऱ्या दिवशी त्याचा सत्कार करणार होती. कशाबद्दल? समाजसेवेबद्दल! फोटो निघणार, छापून येणार. तो विरघळला आणि बसला. मी खुर्ची मागे पाडली, डोळ्यांवर गरम टॉवेल ठेवला, साबण फासला. तो सत्काराचं भाषण म्हणून दाखवत होता. मी वस्तरा उचलला आणि डावीकडची मिशी मुळापासून उतरवली.

मग खुर्ची सरळ केली. आरशात बघून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"ओरडू नका, भाऊ. वस्तरा अजून माझ्या हातात आहे."

"अहो, काय केलंत हे! उद्या मी लोकांपुढे जाऊ कसा?"

"ते सांगते. आत्ता उठायचं, एक बाटली उघडायची. पहिली लस माझ्या नवऱ्याला. उरलेल्या पाच, दारातल्या माणसांना. फुकट. नाहीतर मी त्या सगळ्यांना आत बोलावते, समाजसेवक बघायला."

तो टॉवेल तोंडाला धरून गेला. नवऱ्याला मी हाक मारून वरून खाली आणलं. मिशीवाल्याने बाटली उघडली, नवऱ्याच्या दंडात सुई टोचली. एका हाताने टॉवेल धरायचा आणि दुसऱ्याने सुई, ते काही जमेना. टॉवेल पडला. आधी शिंपीण हसली, मग मास्तर, मग माझा नवरा. तो हसला, खोकला आणि परत हसला. वर्षभरात मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. सहाच्या सहा लशी संपल्या, डब्यात काही गेलं नाही.

मिशीवाला माझ्या मागोमाग सलूनमध्ये आला आणि धपकन खुर्चीत बसला. "आता ही राहिलेली तरी उतरवा. निदान दोन्ही बाजू सारख्या दिसतील. इतकी वर्षं तुम्हीच राखलीत, मला नाही जमायचं."

मी दिवा घालवला आणि शटर अर्धं ओढलं.

"दुकान बंद झालं, भाऊ. उरलेल्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

तो बघतच राहिला. त्याला ते शब्द आठवले, त्याच्या चेहऱ्यावर मला नीट दिसलं. मग तो टॉवेल घेऊन गेला. माझा टॉवेल, पण तेवढा सोडला मी.

जिना चढताना नवरा म्हणाला, "काढून द्यायची होतीस गं. बिचाऱ्याचा उद्या सत्कार."

तो पहिल्यांदा थांबला, मी थांबले. चार पायऱ्या चढून तो कठड्याला धरून पुन्हा थांबला. त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत मी खालच्या पायरीवर उभी राहिले, आणि मला मिशीवाल्याची तसूभरही दया आली नाही.