तिसऱ्या ओळीचा श्वास

दीना दम्याची होती. भजनाची तिसरी ओळ तिला एका दमात पेलत नसे. अर्ध्यावर ती श्वास घेई, आणि तिच्या नवऱ्याच्या, इसहाकच्या मृदंगाची थाप तिच्यासाठी किंचित मागे राही. तिला मातीआड करून दोन हिवाळे लोटले होते, तरी त्याचा हात तिथे आपण होऊन रेंगाळे. तिसगावच्या त्याच्या घरात दीनाचे म्हणावे असे एवढेच उरले होते.

आणि नेमके त्याच जागी मुंबईच्या रेकॉर्ड-कंपनीच्या सुमंतांनी बोट ठेवले.

नगरच्या मिशनशाळेतील एका वर्गाच्या भिंतींवर आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगल्या होत्या. गाणाऱ्या एलिझाबेथबाई तेथल्याच शिक्षिका, वयाने तरुण. पहिली मेणाची तबकडी फिरत असता त्यांनी ती ओळ एका दमात म्हटली आणि मृदंग मागे पडला.

"इसहाकराव, तुमचा ठेका लंगडतो."

"लंगडत न्हाई, सायेब. थांबतो."

"कोणासाठी? बाई तर पुढे निघून गेल्या!"

"काका, मी काय धापा टाकणारी म्हातारी आहे?" एलिझाबेथबाई हसल्या.

इसहाक मृदंगाची वादी ओढू लागला.

सुमंतांनी मिशनच्या मडमेच्या पियानोवरचे, ताल मोजून टिकटिक करणारे यंत्र मागवले, त्यावर त्याचा हात घोटून घेतला आणि दुसऱ्या मेणाच्या तबकडीवर गाणे उतरवले. थापेला थाप अशी बसली की बोट शिरायला जागा नाही. सुमंत प्रसन्न झाले.

"पयली ऐकू येईल का?" इसहाकने विचारले.

"मेण मऊ असतं. एकदा ऐकायला सुई फिरवली की ओरखडे पडतात, मग त्यावरून रेकॉर्ड निघत नाही. पण ती टाकायचीच आहे; ऐका."

सुई फिरली. तिसऱ्या ओळीत आवाज पुढे धावला, आणि चढणीवर मागे राहिलेल्या सोबत्यासाठी थांबावे तसा मृदंग थांबला. इसहाकने हे बाहेरून कधी ऐकले नव्हते. त्याने तोंड भिंतीकडे वळवले.

सुमंत यंत्रावर ओणवले होते, ते तसेच राहिले. "हेच घ्यायला हवं होतं," ते म्हणाले. "याच्यापुढे दुसरं म्हणजे मुडदा! पुन्हा वाजवा, इसहाकराव. अगदी असंच."

इसहाकने मृदंगाच्या डाव्या अंगाला घुमाऱ्यासाठी थापलेली कणीक ओली केली. गाणे सुरू झाले. तिसरी ओळ आली. हात कोठे रेंगाळतो, किती रेंगाळतो, हे आता त्याला पुरते ठाऊक होते. थाप मागे राहिली. पण ती त्याने ठेवली होती.

"वा! पहिलीहून सरस!"

"सायेब, ही नगं. ज्याला तुमी मुडदा म्हनला, तीच काढा."

"का बरं?"

"हे सोंग हाय. आदी ती थाप आपसूक ऱ्हायची."

"अहो, ऐकणाऱ्याला काय कळणार आहे?"

"व्हय," इसहाक म्हणाला, "ऐकनाराला न्हाई कळनार." आणि तो मृदंगाला गवसणी घालू लागला.