बारा बाटल्यांचा एकच वास

तिला सगळे नकटी म्हणत. आधी घरात, मग शाळेत, आणि पुढे थोरल्या भावाच्या तोंडून एकदा निसटलं म्हणून प्रयोगशाळेतही. नाक बसकं होतं हे खरंच. पण त्या बसक्या नाकाला जे कळायचं ते भल्याभल्या सरळ नाकांना कळत नसे. दूध नासायच्या आदल्या दिवशी ती सांगायची, हे उद्या नासणार. कुणी ओल्या मोज्यांवर बूट चढवून आलं की ती आतल्या खोलीतून ओरडायची, खिडकी उघडा. घरच्यांना याचा वैताग होता.

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मात्र या नाकाचं सोनं झालं. तिथं नवीन यंत्र आलं होतं. पाण्यातून काढलेली वाफ केसासारख्या बारीक नि तीस मीटर लांब नळीतून सोडायची. वाटेत तिच्यातले पदार्थ सुटे होतात आणि एकामागून एक बाहेर पडतात. एवढं जुन्या यंत्रातही होतं. नवीन होतं ते नळीचं शेवटचं टोक. तिथं दोन फाटे. एक मोजणीच्या पेटीकडे जायचा, दुसरा काचेच्या नरसाळ्याकडे. नरसाळ्याला नाक लावून माणूस बसवायचा. पंचवीस मिनिटं हलायचं नाही. वास आला की बटण दाबायचं आणि कसला ते बोलायचं. मोठ्या पोहण्याच्या तलावात अर्धा थेंब कालवला तर पेटीला पत्ता लागत नाही, पण काही वासांच्या बाबतीत नाकाला लागतो. म्हणून नाक.

दहाजणांची परीक्षा घेऊन मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, नकटीला त्या खुर्चीत बसवलं. त्या दिवसापासून तिचं अत्तर गेलं, वासाचा साबण गेला, सकाळचा चहा गेला. यंत्र चालवणारा सहकारी बारीक, उंच आणि सतत उसासे टाकणारा होता. त्याला सगळे पंप म्हणत. तो दर वेळी विचारायचा, "नाकबाई, तयार?"

पहिला खरा नमुना आला तो खालच्या वस्तीतल्या एका शिंपीणबाईंकडून. मुरांब्याच्या बरणीत नळाचं पाणी भरून त्या स्वतः घेऊन आल्या होत्या. ही त्यांची सहावी खेप.

"तुमचे कागद म्हणतात पाणी चांगलंय," त्या म्हणाल्या. "मग हे तुम्ही पिऊन दाखवा."

कुणी प्यायलं नाही. पंपाने ती बरणी यंत्राला लावली. अकरा मिनिटं नकटीच्या नाकाशी फक्त ओलसर हवा येत राहिली. मग एकदम काहीतरी आलं आणि तिचं डोकं आपोआप मागे गेलं. कुजका कोबी, त्याच्याखाली कुजलेलं मांस. दोनच सेकंद. मोजणीच्या पडद्यावर रेघ सरळच्या सरळ. सोळाव्या मिनिटाला दुसरा वास आला, तो विष्ठेचा. तिने बटण दाबलं.

"काय?" पंपाने विचारलं.

"मेलेलं," ती म्हणाली. "उकळलेलं, मेलेलं काहीतरी."

वस्तीच्या वरच्या अंगाला हाडं आणि कातडी उकळून सरस काढणारा कारखाना होता. त्याचं सांडपाणी आधी शुद्ध करून मगच ओढ्यात सोडायचं, असा नियम होता. ओढ्यातूनच वस्तीचा पंप पाणी ओढायचा. शहराच्या वरच्या भागाला मात्र धरणाचं पाणी येई. दर सोमवारी या सगळ्या वाटेवरच्या बारा जागांहून बारा बाटल्या प्रयोगशाळेत येत: कारखान्याच्या तोंडाशी, ओढ्यात तीन ठिकाणी, वस्तीच्या पंपाशी, तिथल्या नळांवर. सात महिने त्या बाराही बाटल्या निर्दोष ठरत होत्या. आणि त्या बाटल्या आणायचा नकटीचा थोरला भाऊ.

दादा या कामात बारा वर्षं मुरलेला. बर्फाची पेटी खांद्याला, बाटल्यांवर सुवाच्य अक्षरात जागा आणि वेळ. इथं जागा रिकामी आहे हे तिला त्यानेच सांगितलं होतं. अर्जही त्यानेच आणून दिला होता.

शिंपीणबाईंच्या बरणीनंतर मॅडम म्हणाल्या, आता सोमवारच्या बाराही बाटल्या नाकाने बघू.

दोन दिवस लागले. पहिल्या बाटलीत आठव्या मिनिटाला किंचित कापरासारखा बुरशीचा वास, तेराव्याला नव्या रबराचा. बस्स. दुसरीत कापूर आणि रबर. तिसरीत कापूर आणि रबर. पाचवी बाटली कारखान्याच्या तोंडची. तिच्यात तर नरसाळं सोडून पळायची वेळ यायला हवी होती. कापूर आणि रबर.

"माझं नाक बसलंय," ती पंपाला म्हणाली.

"ते तर जन्मापासून."

"चेष्टा नको. चिठ्ठ्या झाक आणि बाटल्यांची उलटापालट कर. मधेच ती बरणी घाल."

त्याने तसं केलं. बरणी तिने नेमकी ओळखली. बाकीच्या बारा तिला एकमेकींपासून वेगळ्या काढता येईनात. मग पंपाने उसासा टाकून जुने आकडे काढले. क्षार, आम्लता, क्लोरीन. हे आकडे चार वेगवेगळ्या टेबलांवर भरले जायचे आणि प्रत्येक टेबलावरून 'मर्यादेत' एवढा शेरा पुढे जायचा. ते सगळे एका कागदावर शेजारीशेजारी मांडले तेव्हा फरक कुठेच दिसेना. बारा जागांचं पाणी जणू एकाच घागरीतून ओतलेलं होतं.

रविवारी ती शहराच्या वरच्या भागात दादाकडे जेवायला गेली. नेहमीसारखीच. वहिनींनी ताटं मांडली, पेल्यात पाणी भरलं. नकटीने पेला तोंडाशी नेला आणि खाली ठेवला.

"वहिनी, गच्चीवरच्या टाकीला नवी नळी बसवलीय का हो?"

"वर्ष होत आलं की. का? वास येतो? मी यांना सांगत होते रबराचा वास येतो म्हणून, तर म्हणतात तुला भास होतात."

दादा खाली मान घालून जेवत होता. त्याचा घास थांबला.

"दादा," ती म्हणाली, "तू बाटल्या इथं भरतोस?"

वहिनी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागल्या. शेवटी त्याने हात धुतला, बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. ती मागोमाग गेली.

"किती मिळतात तुला कारखान्याकडून?"

तो ताडकन उठला. "कुणाचा चहासुद्धा घेतलेला नाही मी! देवाशप्पथ सांगतो."

"मग?"

तो नखं कुरतडायला लागला. मग बोलायला लागला तो खिडकीकडे बघत. "तुला माहीत नाही तिथं काय आहे ते. सात महिन्यांपूर्वी त्यांनी नवं तोंड काढलं, झाडीच्या आत. मी उतरलो. पाय घोट्यापर्यंत रुतला. कशात रुतला ते मी सांगणार नाही तुला. हातावर उडालं. मी तिथंच ओकलो. घरी येऊन तीनदा आंघोळ केली तरी नखांत वास. चार दिवस हिच्या हातचं अन्न जाईना. पुढच्या सोमवारी मी अर्ध्या वाटेपर्यंत गेलो आणि पाय पुढे पडेचना. म्हटलं, आजचा दिवस इथलंच भरू. पुढच्या सोमवारी खरं आणू."

"आणि मग?"

"मग काय. सगळे अहवाल चांगले आले. कुणी विचारलंच नाही."

नकटीला शिसारी आली. त्याने लाच खाल्ली असती तर ती निदान रागावू शकली असती. पण हा चांगला, स्वच्छ माणूस, कॉलरला डाग चालत नाही असा, नळाखाली बाटल्या धरून त्यांच्यावर सुंदर अक्षरात 'वस्ती, नळ क्रमांक तीन' असं लिहीत होता. तिच्याच वहिनींच्या स्वयंपाकघरात.

"तुला वास सहन झाला नाही," ती म्हणाली. "आणि ते लोक तो पितात, दादा."

"मला कळत नाही का ते?"

"उद्या चल माझ्याबरोबर. नेहमीच्या बारा जागा. मला दाखव."

सोमवारी ते गेले. एरवी दादा एकटाच स्कूटरवर जायचा, आज तिने प्रयोगशाळेची गाडी मागितली होती; ड्रायव्हर आतच थांबला, काचा वर करून. दादा रस्त्याच्या कडेपर्यंत आला, नाकावर रुमाल दाबून हात लांब करून झाडीकडे दाखवलं आणि तिथंच उभा राहिला. ती गुडघ्यापर्यंतचे बूट घालून खाली उतरली.

त्याने खोटं सांगितलं नव्हतं. पाण्यावर चरबीची पिवळसर साय होती, बोटभर जाड, आणि तिच्यात केस अडकले होते. नळाच्या तोंडाखाली फेस साचून घट्ट झाला होता, त्यावर माशा चालत होत्या. सायीखाली काहीतरी मऊ बुटाला घासून पुढे सरकलं. वास नाकातून नाही, जिभेवरून आत जात होता. इतर लोकांना तो एकच वास वाटला असता. तिला त्यातले दहा-बारा सुटे कळत होते, आणि प्रत्येक दुसऱ्याहून ओंगळ. तिने डाव्या हाताने साय बाजूला केली. हातमोजा होता, तरी त्यातून ऊब लागली. गरम होतं ते. तिने बाटली पाण्याखाली धरली, बुडबुडे संपेपर्यंत धरली, झाकण लावलं, पुसली, चिठ्ठी चिकटवली. वर आल्यावर ती गाडीमागे वाकली आणि पोटात होतं नव्हतं ते बाहेर काढलं.

दादाने पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"बघ," तो म्हणाला, "तुलाही..."

"हो. मलाही. पण भरली ना मी?"

उरलेल्या अकरा जागी त्याने वाट दाखवली, बाटल्या तिने भरल्या.

या बारा बाटल्या तपासायला चार दिवस गेले. कारण दर दोन तासांनी तिला बाहेर जाऊन नुसतं उभं राहावं लागे. अकराव्या मिनिटाचा कुजका कोबी कारखान्याच्या तोंडापासून वस्तीच्या शेवटच्या नळापर्यंत सलग सापडला. पंपाने नमुने दहापट घट्ट करून पुन्हा चढवले तेव्हा पडद्यावरही बारीक टेकाड उठलं. आता त्या वासाला रासायनिक नाव होतं, आकडा होता. नाकावर कुणी शंका घेऊ शकणार नव्हतं.

मॅडमनी कागद दोनदा वाचले. दादाने त्याच सकाळी त्यांच्याकडे अर्ज दिला होता: प्रकृतीच्या कारणास्तव नमुने आणण्याच्या कामातून मोकळं करावं.

"उत्तम काम," मॅडम म्हणाल्या. "हा अहवाल आजच पाठवते. पाणी आजच बंद होईल."

"आणि मागचे सात महिने?"

"मागचं उकरून काय मिळणार? आपलीच इभ्रत जाईल. तुझ्या भावाचीही. नवी पद्धत आली, नवा दोष सापडला. लोकांना एवढं पुरे."

त्यांच्या टेबलावर ताज्या फुलांचा गुच्छ होता. नकटीला त्या फुलांच्या देठांशी सडू लागलेलं पाणी कळत होतं. तिला एकदम तिथं श्वास घेणंच नको झालं.

"मॅडम, ते अहवाल खोटे आहेत. मागे घ्यायला लागतील. तुम्ही घेतले नाहीत तर मी लेखी देते, माझ्या सहीने."

"तो तुझा सख्खा भाऊ आहे."

"म्हणून तर मला वास ओळखता आला."

तिने लेखी दिलं. पंपाने उसासा टाकून खाली आपलीही सही केली.

वस्तीचा पंप बंद झाला, टँकर सुरू झाले. कारखान्याच्या झाडीतल्या तोंडाला सिमेंट घातलं आणि दाराला सील लागलं. अठ्ठावीस अहवाल रद्द झाल्याचं पत्रक निघालं, तीन ओळींचं. मॅडमची बदली झाली नाही. दादा निलंबित झाला. चौकशीत त्याने सगळं कबूल केलं, एका शब्दानेही बचाव न करता. महिनाभराने त्याला प्रयोगशाळेच्याच कोठारात रिकाम्या बाटल्यांची निगराणी दिली. वहिनींनी नकटीला एकदाच फोन केला. "वन्सं, तुम्ही बरोबर केलंत हे मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण सध्या तुम्ही आमच्याकडे येऊ नका." तिने बरं म्हटलं.

दादा कोठारात रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी शिंपीणबाई आल्या. हातात बरणी नव्हती. त्यांना यंत्र बघायचं होतं. पंपाने त्यांचाच जुना नमुना चढवला, त्यांना खुर्चीत बसवलं, नरसाळं नाकाशी धरायला शिकवलं. अकराव्या मिनिटाला त्यांचा चेहरा आक्रसला.

"हाच," त्या म्हणाल्या. नरसाळ्यापासून नाक न हलवता त्या पुढे बोलल्या, "हेच रोज माझ्या नातवाच्या दुधात. ओकायचा तो. मी त्याला रागवायचे, नाटकं करतो म्हणून."

पंपाने यंत्र थांबवलं. शिंपीणबाई नकटीकडे वळल्या.

"कागदात लिहिलंय बाटल्या दुसरीकडच्या होत्या. कोण आणायचं त्या?"

पंप नकटीकडे बघायला लागला. कोठाराकडून बाटल्या मांडल्याचा खणखणाट ऐकू येत होता.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "आता तो इथं कोठारात असतो."

शिंपीणबाईंनी नरसाळं खाली ठेवलं. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. ते बघणं चांगलं नव्हतं, पण तिने मान वळवली नाही.

"का केलं त्याने?"

"त्याला किळस आली."

"किळस," त्या म्हणाल्या, जणू हा शब्द पहिल्यांदाच ऐकत होत्या. मग उठल्या, पदराने नाक खसाखसा पुसलं आणि विचारलं, "कोठार कुठल्या बाजूला आहे?"

नकटीने हात करून दाखवलं.