खिशातलं कानाचं मशीन

मी कानाचं मशीन बोलतोय. खरं तर बोलणं माझं काम नव्हे, ऐकवणं माझं काम. पण आज थोडं माझंही ऐका.

माझे मालक पाव बनवणारे कारागीर. लग्नाआधीच्या एका तापात त्यांचे कान अधू झाले. मालकीणबाई इतक्या मोठ्यानं बोलायच्या, की त्यांच्या घरातलं भांडण अख्ख्या इमारतीला पाठ असायचं. शेवटी लेक कमावती झाली आणि तिनं मला आणलं. पहिल्याच दिवशी मालक बायकोकडे बघतच राहिले.

"अगं, तू कपडे वाळत घालताना गुणगुणतेस?"

"लग्न झाल्यापासून!" त्या लाजून म्हणाल्या.

एका संध्याकाळी बेकरीतून परतताना माझा सेल संपला. मालकांनी मला शर्टाच्या खिशात टाकलं आणि नवा सेल घ्यायला निघाले. पोलीस त्या भागात कुणा चोराला शोधत होते. त्यांनी मागून "थांब!" म्हणून आवाज दिला, असं मी नंतर ऐकलं. दिलाही असेल, सेल संपला की मीही बहिराच. मालक आपले चालत राहिले. मग कुणीतरी खांदा धरून त्यांना गर्रकन फिरवलं. समोरच्या पोलिसाचे ओठ भराभर हलत होते. "ऐकू येत नाही हो," म्हणत मालकांनी मला दाखवायला खिशात हात घातला.

त्याच हातावर काठी बसली. ते खाली पडले, तरी बसतच राहिली. मी रस्त्यावर उडालो. माझ्या कवचाला तडा गेला आणि त्यांचं मनगट मोडलं.

हाड जुळलं, पण बोटं पूर्वीसारखी वळेनात. पीठ मळणं सुटलं. तरी मालक म्हणायचे, "जाऊ दे." पण पोलिसांच्या अहवालात लिहिलं होतं, 'इसम पळू लागला व त्याने शस्त्र काढण्याचा प्रयत्न केला.'

"पळालो? या गुडघ्यांनी?" मालक आधी हसले. मग त्यांचे डोळे भरून आले.

लेक त्यांना वकीलबाईंकडे घेऊन गेली. "काका, दिवाणी दाव्यात कुणी तुरुंगात जात नाही," वकीलबाईंनी ओठ दिसतील असं सावकाश समजावलं. "भरपाई मागता येते. आणि नेमकं काय घडलं, ते कोर्टाला ठरवावं लागतं."

दावा रेंगाळला. मध्येच समोरून तडजोड आली : पैसे घ्या, चूक कुणाची ते विचारू नका. घरात ओढाताण होती. मालकांनी बायकोकडे पाहिलं.

"मी शिवणकाम वाढवीन," त्या म्हणाल्या. "पण अहो, तुम्ही पळाला नव्हता, एवढं तिथं लिहून घ्याच."

साक्षीच्या दिवशी पोलिसांच्या वकिलांनी आवाज चढवला. "थांबायला सांगितल्यावर खिशात हात का घातलात?"

मालकांनी मला कानातून काढलं आणि समोरच्या कठड्यावर ठेवलं. "हे काढायला. आता विचारा."

वकील बोलत राहिले. मालक त्यांच्या ओठांकडे शांतपणे बघत राहिले. वकिलांचा आवाज हळूहळू उतरला आणि थांबला. न्यायाधीशांनी मला परत घालायची खूण केली. मालकांच्या बोटांना जमेना, तेव्हा मालकीणबाईंनी पुढे होऊन मला बसवलं. 

निकालाच्या वेळी मी कानातच होतो. 'वादी पळाले नव्हते. त्यांच्याकडे शस्त्र नव्हते. मारहाणीला कोणतेही कारण नव्हते.' माझ्या हातून इतकी मोलाची वाक्यं दुसरी कधी पोचली नाहीत. भरपाईचा आकडा मालकांनी ऐकलाच नाही, ते तोंड झाकून रडत होते.

हात काही परत आला नाही. मालक आता भट्टीपाशी बसून पावाचा रंग पारखतात. मीही थकलोय. तड्यावर चिकटपट्टी आहे, मधूनच खरखरतो. लेक नवं मशीन आणणार आहे, आणि ते योग्यच आहे.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या हाकेला कुणी वळलं नाही, तर रागावू नका. चार पावलं पुढे जा, त्याच्या समोर उभे राहा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत जरा थांबा.