मोकळी लाइन

पडद्याची कड शिवता शिवता गळ्यातल्या कापडी पिशवीत काहीतरी थरथरलं, आणि तिचा पाय मशीनवरून असा उचलला गेला की सुई कापडात तशीच रुतून राहिली.

तिने पिशवीचा बंद ओढला. गाठ सुटेना. दातांनी सोडवली. पण फोन वाजत नव्हता. मेसेज आला होता.

‘प्रिय ग्राहक, आपला क्रमांक आज संध्याकाळी सातनंतर कायमचा बंद होत आहे. चालू ठेवायचा असल्यास खालील लिंकवर माहिती भरा.’

तिने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि शेजारच्या मशीनवर बसलेल्या नणंदेपुढे फोन धरला. नणंद झटकन मागे सरकली.

“मला नको दाखवू. लांबूनच वाच.”

नणंदेचंही बरोबर होतं. हा फोन घरात आला तोच तिच्यामुळे. तिला ‘छोटी’ म्हणणाऱ्या दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. लिफ्ट दुरुस्त करणारा धडधाकट माणूस, दिवसाआड डायलिसिसच्या खुर्चीत जाऊन बसू लागला. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात त्याचं नाव लावलं होतं. कुणी दगावलं, घरच्यांनी किडनी द्यायचं ठरवलं आणि ती त्याला जुळली, की हॉस्पिटलातून फोन येणार. तसंच उठून निघायचं. फोन लागला नाही तर किडनी पुढच्या माणसाला. आणि एकदा तस्संच झालं होतं. फोन आला तेव्हा नणंद दादाचा फोन घेऊन मैत्रिणीशी गप्पा मारत होती. गप्पा कसल्या, तर पडद्याला निळा रंग घ्यावा की राखाडी. त्यानंतर नणंदेने कानाला खडा लावला, आणि वहिनीने नवा नंबर घेतला. त्या नंबरची लाइन सदानकदा मोकळी. त्यावरून कुणी कुणाला फोन करायचा नाही, नातेवाइकांना तो द्यायचा नाही, त्यावर गाणी नाहीत, फोटो नाहीत, काही नाही. डायलिसिसच्या दिवशी तो तिच्या गळ्यात, एरवी नवऱ्याच्या उशाशी. हॉस्पिटलकडे आता तेवढा एकच नंबर होता. आणि गेल्याच महिन्यात तपासणीला गेल्यावर तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, “आता तुमच्या पुढे फारसं कुणी उरलेलं नाही. फोन जवळ ठेवा.”

तिने लांबूनच वाचून दाखवलं.

“खोटं आहे,” नणंद म्हणाली. “शंभर टक्के खोटं. प्रिय ग्राहक म्हणे! तू कुणाची एवढी प्रिय लागून गेलीस? वहिनी, त्या लिंकवर बोट जरी लावलंस ना, तर माझ्याशी गाठ आहे.”

“लावत नाहीये.”

“माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांनी लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा नंबर भलताच माणूस वापरत होता. बिचारे स्वतःलाच फोन लावताहेत आणि पलीकडून कुणीतरी विचारतोय, कोण पाहिजे?”

नणंद हसली. तिच्या मात्र डोळ्यांपुढे आलं ते अगदी स्पष्ट आलं: हॉस्पिटलातल्या बाई नंबर फिरवताहेत, कुठल्यातरी खोलीत कुणीतरी लोळत पडलेला माणूस फोन उचलतोय, राँग नंबर म्हणून ठेवून देतोय. बस, एवढंच. कुणाला पत्ताही लागणार नाही.

“आणि खरं असलं तर?” तिने विचारलं.

नणंदेचा हात कापडावरच थांबला.

खोटं म्हणून सोडून द्यावं आणि सातला नंबर बंद पडावा. खरं मानून बोट लावावं आणि नंबर चोराच्या हाती जावा. नवा नंबर हॉस्पिटलला कळवायचा तर दोघांनी तिथवर जायचं, अर्ज द्यायचा, आणि तो त्यांच्या संगणकात चढायला आठवडा. त्या आठवड्यात फोन आला तर? एरवी आला नसता, पण अशाच वेळी नेमका येतो, हे तिला अनुभवाने पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याला विचारावं असं एकदा मनात आलं. पण तो खुर्चीत, दंडात सुया. उगीच रक्तदाब वाढायचा. तिने तो विचार सोडला.

स्वतःच्या फोनवरून तिने कंपनीला फोन लावला. आधी बाईचा गोड आवाज बराच वेळ हे दाबा, ते दाबा करत राहिला, मग एक माणूस बोलला.

“मॅडम, ज्या क्रमांकाबद्दल विचारायचंय त्याच क्रमांकावरून फोन करा.”

“त्याच्यावरून करता येत नाही.”

“फोन खराब आहे का?”

“नाही, चांगला आहे.”

“मग?”

“त्याच्यावरून फोन करायचा नाहीये. फक्त यायचाय.”

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली. माणूस बहुधा शेजारच्याला खुणा करत असावा. तिने फोन ठेवला.

“दुकानात जाऊन येते,” ती उठत म्हणाली. “कंपनीच्या. माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर यायचा नाही.”

“मी येऊ?”

“नको. तू ही कड पुरी कर.”

रस्त्याने जाताना ती पिशवीवर हात दाबूनच चालली. दोनदा थांबून तिने फोन काढला आणि रेंज आहे ना ते पाहिलं. आहे. अजून आहे. सात वाजायला पुष्कळ अवकाश होता, तरी पाय आपोआप उचलले जात होते, आणि रस्त्यातून सावकाश चालणाऱ्या प्रत्येक माणसाचा तिला राग येत होता. काय निवांत चालताहेत, जशी जगात कुणाला घाईच नाही!

दुकानात गारठा होता. टोकन घेऊन बसावं लागलं. समोरच्या पडद्यावर एक कुटुंब फोनमध्ये बघून एकसारखं हसत होतं. तिची पाळी आली तेव्हा काउंटरवरच्या मुलीला शिंका सुटल्या होत्या. रुमाल नाकाला लावूनच मुलीने फोन घेतला, मेसेज पाहिला, नंबर संगणकात घातला.

“मेसेज आमचाच आहे, काकू.”

“म्हणजे खरा?”

“खरा.”

तिने काउंटरची कड धरली. मघापासून ती खोट्यालाच घाबरत होती. खरं निघेल असं आतून वाटलंच नव्हतं.

“पण का? आम्ही काय केलं?”

“काहीच केलं नाही ना, म्हणूनच.” मुलीने एक शिंक आवरली. “घेतल्यापासून या नंबरवरून एकही फोन गेलेला नाही. मेसेज नाही, इंटरनेट नाही. आलेलाही नाही कुणाचा. मग कंपनी समजते की माणूस नंबर टाकून गेला. बंद करतात आणि दुसऱ्याला देतात.”

“टाकून गेला?” तिचा आवाज चढला. रांगेतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. “अगं, डोळ्यांत तेल घालून सांभाळतोय आम्ही हा नंबर! पोरीबाळींना हात लावू देत नाही!”

“सांभाळून नाही चालत काकू. वापरावा लागतो.”

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. इतके दिवस जपून जपून आपणच त्याचा गळा दाबत आणला होता की काय, असं तिला वाटलं.

“पण असं एकदम सांगतात का? सकाळी मेसेज आणि संध्याकाळी बंद?”

“एकदम कुठे? याआधी दोनदा कळवलंय.” मुलीने संगणकात डोकावून पाहिलं. “गेल्या आठवड्यात एकदा, आणि काल.”

“नाही आले.”

“दोन्ही पोहोचलेत.”

“चूक होत असेल तुमची.”

“काकू, पोहोचलेत. इथे दिसतंय.”

तिने फोन परत घेतला आणि मेसेज उघडले. आजचा एक. त्याखाली कोरं.

काल मंगळवार. काल फोन घरी होता, त्याच्या उशाशी. संध्याकाळी दारातून आत शिरता शिरता तिने रोजच्यासारखं विचारलं होतं, “काही आलं का?” तो पाण्याचा पेला पुसत होता. डायलिसिस सुरू झाल्यापासून दिवसाला मोजकंच पाणी, त्यामुळे तो आपला पेला फार वेळ पुसत बसे. “काही नाही,” म्हणाला होता.

त्यालाही खोटा वाटला असेल. वाटला, पुसून टाकला, संपलं. पण मग सांगितलं का नाही? दूध नासलं तरी तिला कामावर फोन करून सांगणारा माणूस तो. शेजाऱ्यांनी खिळा ठोकला तरी तिच्या कानावर घालणारा. तो नंबर बंद होणार म्हणून दोन मेसेज येतात आणि तो अवाक्षर काढत नाही?

“काकू, मागे लोक आहेत,” मुलगी म्हणाली, पण प्रेमाने म्हणाली. “इतकं घाबरू नका. लिंकचं राहू द्या. आत्ता इथूनच एक फोन लावा, कुणालाही. समोरच्याने उचलला, दोन शब्द बोललात, की मी इथून चालू करून टाकते.”

“याच्यावरून?”

“याच्यावरूनच.”

त्या फोनमध्ये एकही नंबर ठेवलेला नव्हता. पाठ होता तो एकच, नवऱ्याचा. एव्हाना तो डायलिसिसहून घरी आला असेल. तिने एकेक आकडा दाबला, आणि फोन कानाला लावला.

घंटा पुरती एकदाही वाजली नाही.

“आला का?” नवऱ्याचा आवाज. तिने तोंड उघडायच्या आत तो घाईघाईने बोलू लागला. “ऐक, आज नको म्हणावं. सांग त्यांना, ताप आहे. खरंच कणकण आहे अंगात. आजच सुया टोचून घेतल्यात, लगेच कसं जमेल? पुढच्या माणसाला द्या म्हणावं. तू सांग, तुझं ऐकतील ते...”

“अहो,” ती म्हणाली. “अहो, मी आहे. हॉस्पिटलचा नाही आला.”

पलीकडून श्वास सुटल्याचा आवाज आला. लांबलचक.

“मग या नंबरवरून कशी?”

“कंपनीच्या दुकानात आहे. नंबर बंद होणार होता.”

त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय, तेवढा तिला ऐकू येत होता.

“झाला का बंद?” त्याने विचारलं.

त्याने ते कसं विचारलं ते तिने ऐकलं. रडू येतंय की संताप, तिलाच कळेना. एवढे महिने पिशवी गळ्यात घालून न्हाणीघराच्या दारापर्यंत जाणारी ती, आणि हा माणूस...

“नाही,” ती म्हणाली. “चालू राहिला.”

“बरं.” मग, “मला वाटलं, मेसेज खोटे असतील.”

“मलाही तसंच वाटलं होतं.”

काउंटरवरच्या मुलीने हाताने खूण केली. झालं होतं.

“मागच्या वेळी तो फोन हुकला ना,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला दुसरा कान बोटाने बंद करावा लागला. “तू रडत होतीस. छोटी तर माझ्या पायांवर डोकं आपटत होती. आणि मला... मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तिला आजवर सांगितलं नाही. कुणालाच नाही. मला भीती वाटते गं.”

“काकू, झालं,” मुलगी म्हणाली. “ठेवलात तरी चालेल आता. नंबर सुरू आहे तुमचा.”

तिने मान हलवली. फोन तसाच कानाला होता. या मिनिटाला हॉस्पिटलातल्या बाईंनी नंबर फिरवला असता, तर त्यांना लाइन लागली नसती. हे तिला कळत होतं. तळहाताच्या घामाने फोन निसटू पाहत होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि रांगेतून बाजूला होऊन भिंतीकडे तोंड केलं.

“कशाची वाटते?” तिने विचारलं. “सांगा. ऐकतेय मी.”