ग्रुबनागेरचा लेथ

मित्रांनो, लोखंडाला किळस येत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर एकदा इब्रामपूरला या आणि दसऱ्याचा दिवस माझ्याशेजारी काढा. मी एक जुना लेथ आहे. लेथ म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर अर्धी गोष्ट तुमच्या डोक्यावरून जायची. लोखंडाचा किंवा पितळेचा तुकडा मी तोंडात घट्ट धरतो आणि गरागरा फिरवतो. समोरून धारदार हत्यार टेकवलं की, काकडीची साल निघावी तशी त्या धातूची साल निघते. हवा तेवढा गोल, हवा तेवढा बारीक. तुमच्या गावच्या पंपात, गिरणीत, ट्रॅक्टरात जे जे गोल फिरतं, ते कुठल्यातरी लेथच्या तोंडातून आलेलं असतं.

माझ्या छातीवर ठळक अक्षरांत एक नाव आहे: ग्रुबेनहोल्ट्स. ते रंगवलेलं नाही, स्क्रूने बसवलेलंही नाही. साच्यात लोखंड ओतलं तेव्हाच ते माझ्या अंगातून वर आलं. या नावाचं लोकांनी इतकं कौतुक केलं, इतकं केलं, की आता ते नाव कुणी वाचायला वाकलं तरी मला शिसारी येते.

माझा जन्म जर्मनीतल्या एका डोंगरी गावचा. भट्टीतून बाहेर पडल्यावर एका म्हाताऱ्या कारागिराने कितीतरी दिवस माझी पाठ खरवडली. तो खरवडायचा, हात फिरवायचा, मान हलवायचा आणि पुन्हा खरवडायचा. या सपाट पाठीला बेड म्हणतात. बेड सरळ असेल तर काम सरळ. नाव मालकाचं होतं. पाठ मात्र त्या कारागिराची. नाव सगळ्यांना दिसतं, पाठ कुणाला दिसत नाही. माझं सगळं दुःख तिथून सुरू होतं.

पुढे जहाजाने मी मुरगाव बंदरात उतरलो आणि शिरगावच्या एका खाणीच्या वर्कशॉपात आलो. तिथे सगळंच लाल होतं. झाडं लाल, ट्रक लाल, माणसांच्या पापण्यासुद्धा लाल. ती धूळ तेलात कालवली की असा काही चिकट लगदा होतो, की विचारू नका. पण तिथे मधुकर गावस होता. दोडामार्गाकडच्या इब्रामपूरहून कामाला आलेला, बोलायला कमी आणि पुसायला पुढे. सकाळी आल्या आल्या तो आधी माझी पाठ पुसायचा, तेल सोडायचा आणि मगच स्वतःचा चहा प्यायचा. शिरगावात जत्रा असली आणि सगळं वर्कशॉप ओस पडलं, तरी तो जाता जाता डोकावून माझ्यावर गोणपाट घालून जायचा. पाहुणे आले की साहेब लोक माझं नाव वाचून दाखवत, जर्मन माल म्हणून माना डोलवत. मधुकरने ते नाव कधी पुरतं उच्चारलंही नाही. तो मला ग्रुबन म्हणायचा, तेवढ्यावर आमचं छान भागायचं.

मग खाणी बंद पडल्या. माणसं पांगली, ट्रक दारोदारी गंजत उभे राहिले, आणि वर्कशॉपचं सामान भंगारात निघालं. मधुकरने मला उचललं आणि इब्रामपूरला, आपल्या घराला लागून पत्र्याची शेड घालून, तिथे मांडलं. पंपाचे बुश, गिरणीचे शाफ्ट, नांगराच्या पिना अशी कामं येऊ लागली. बुश म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची पितळी बांगडी. ती झिजली की पंप बसलाच. गावातला अर्धा वाडा गावसांचा. नुसतं गावस म्हणून भागत नाही, म्हणून इकडे घरांना वेगळी नावं पडतात. कुणाचं घर तळ्यावरचं, कुणाचं पोस्टमनाचं. मधुकरच्या घराला लोक ग्रुबनागेर म्हणू लागले. ग्रुबनागेर, म्हणजे ग्रुबनाच्या घरी. पंप बिघडला की ग्रुबनागेर जा, एवढं पोरासोरांनाही ठाऊक झालं.

मधुकर गेल्यावर मात्र माझे हाल कुत्र्याने खाल्ले नाहीत. त्याची नात कोमल त्याच्याच हाताखाली शिकलेली. पण ती तेव्हा आयटीआयला होती. तिचा बाप प्रशांत तुयेला कारखान्यात शिफ्टवर जायचा. त्याला माझ्याकडे बघायला फुरसत नव्हती. कोंबड्या माझ्या पाठीवर बसत आणि जे करायचं ते तिथेच करत. शी! आणि मग दसरा यायचा. त्या दिवशी या माणसाला माझा असा काही पुळका यायचा! मधुकर दसऱ्याला मला पुसून, एक फूल टेकवून, नारळ बाहेरच्या पायरीच्या दगडावर फोडायचा. प्रशांत नारळ फोडायचा तो थेट माझ्या पाठीवर. त्या म्हाताऱ्याने खरवडून खरवडून सरळ केलेल्या बेडवर! वरून नारळाचं पाणी, हळद, कुंकू, लाह्या, रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, माळा. पाणी गिअरात उतरायचं, लाह्या तेलात फुगायच्या, मुंग्यांची रांग लागायची. प्रशांत हात जोडून उभा. एका वर्षी नारळ कठीण निघाला, त्याने हातोडा हाणला, तो निसटला आणि पाठीच्या मधोमध खड्डा पडला. प्रशांतने तो पाहिला नाही, कारण तो खोबरं गोळा करत होता.

कोमल शिकून परत आली आणि माझ्यात पुन्हा जीव आला. तिने तीन दिवस नुसती घाण काढली. खड्डा तिच्या बोटाला लागला, पण बापाला ती काही बोलली नाही. वडिलांनी श्रद्धेने केलेल्या गोष्टीला नावं कशी ठेवायची, असं तिला वाटलं असावं. तेव्हापासून ती खड्ड्याच्या अलीकडेच काम करते. गावची कामं परत येऊ लागली. नोकरीसाठी कुठे जाण्यापेक्षा हीच शेड नीट चालवायची, हे तिने मनात पक्कं धरलं. म्हणजे बघा, मी गेलो की तिचं सगळंच गेलं.

आणि नेमका तेव्हाच परेश उगवला. आश्वेच्या किनाऱ्यावर याचं हॉटेल. पंप दुरुस्तीला आला आणि माझ्या नावापाशी थबकला. मला हॉटेलात नेऊन काळा रंग फासायचा, पाठीवर काच ठेवायची आणि पर्यटकांनी तिच्यावर ग्लास ठेवायचे, असा त्याचा बेत. प्रशांतने कोमलला न विचारताच हो म्हटलं. शेडच्या जागी त्याला भाड्याची खोली बांधायची होती. परेशने दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवला, माझ्या नावाची अक्षरं पॉलिश पेपरने घासून त्यांवर सोनेरी रंग चढवला आणि फोटो काढून जगभर पाठवला. वर नाव सोन्याचं, आणि खाली गिअरात तेलाचा एक थेंबही त्याने सोडला नाही. तोंडाला पावडर फासावी आणि आंघोळच करू नये, तसला प्रकार!

तो फोटो जर्मनीत हेल्गा नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेने पाहिला. तिचं आडनाव ग्रुबेनहोल्ट्स. महिन्याभरात ती इब्रामपूरला हजर. पांढरे केस, मोठी टोपी. शेडमधल्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून ती बोलायची आणि कोमल ते इंग्रजीतून ऐकून बापाला सांगायची. आपल्या आडनावाचा तिने आयुष्यभर माग काढला होता. तिच्या डोंगरात पूर्वी चांदीच्या खाणी होत्या. खाणीचं छत कोसळू नये म्हणून खाली लाकडी खांब लावत. ते लाकूड रानातून तोडून आणणाऱ्यांना गाव ग्रुबेनहोल्ट्स, म्हणजे खाणलाकडे, म्हणायचं, आणि तेच पुढे आडनाव झालं. चांदी संपली, माणसं पांगली. काही लढाईत गेले, काही अमेरिकेला गेले आणि तिथल्यांना सोपं जावं म्हणून नाव अर्धं तोडून बसले. आता सबंध जर्मनीत या नावाची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. तिला मूलबाळ नाही, भाऊ आजारी.

"आमच्याकडे हे नाव आता दारांवर कमी आणि थडग्यांवर जास्त दिसतं," ती म्हणाली.

मला क्षणभर तिची दया आली. खाणी बंद पडल्यावर माणसं कशी पांगतात, ते मीही शिरगावात पाहिलं होतं. पण पुढे ती काय म्हणाली, ऐका. तिला ते नाव हवं होतं. फक्त नाव! माझ्या छातीचा तेवढा तुकडा कापून न्यायचा आणि घराच्या भिंतीवर लावायचा. प्रशांतने मान डोलावली. परेशलाही चाललं, बाकीच्या लोखंडावर काच ठेवता येतेच. एकाला माझी छाती, दुसऱ्याला माझी पाठ. मटणाच्या दुकानासारखी वाटणी चालली होती, आणि मी अजून काम करतो हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. कोमलच्या आलं होतं, पण ती जनेलीपाशी, म्हणजे खिडकीपाशी, हत्यारं पुसत राहिली.

ठरल्या दिवशी श्रीनाथ वेल्डर गॅसची टाकी घेऊन आला. बाहेर टेम्पो घेऊन परेश उभा. श्रीनाथने ज्योत पेटवली आणि तेवढ्यात फाटकातून हाक आली, "ग्रुबनागेली कोमल खंय आसा गो?"

हेल्गाबाई ताडकन उठली. तिचं नाव, परक्या मुलखात, परक्या तोंडी! हाक होती चंद्रावतीची. शेजारच्या वाड्यावरची ही म्हातारी. तिच्या वायंगण, म्हणजे उन्हाळी, भाताला पाणी देणारा पंप आदल्या दिवशी बसला होता आणि झिजलेला बुश तिने पदरात बांधून आणला होता. हेल्गाने कोमलकरवी तिला विचारलं, ही हाक कुणाला, हे नाव कुणाचं?

चंद्रावतीला प्रश्नच कळेना. "हंय अर्धो वाडो गावस. नुसतो गावस म्हटलो तर कोण वळान बघतलो? ह्येंका आमी ग्रुबनागेले म्हणतांव."

कोमलने ते बाईला सांगितलं, आणि मग जागीच वळून बापाला म्हणाली, "बाबा, ह्यां नाव कापून दिल्यात तर उद्या गाव आमकां काय म्हणान हाक मारतलो?"

हेल्गाने श्रीनाथला हाताने थांबवलं. तिला आता तुकडा नको होता. जिथे हे नाव रोज कुणीतरी फाटकातून ओरडतं, तिथून ते भिंतीवर टांगायला न्यायचं, हे तिलाच ओंगळ वाटलं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, सुटलो. कसला सुटतोय! परेशचा चेहरा खुलला. नाव शाबूत म्हणजे माल शाबूत; तो सगळाच लेथ टेम्पोत चढवायला निघाला.

पण चंद्रावती वाटेतून हलेना. काय न्यायचं ते न्या, पण आधी माझा बुश करून द्या, माझं भात करपतंय, असं म्हणून ती दारातच बसली. प्रशांतने नाइलाजाने होकार दिला. कोमलने पितळेचा तुकडा माझ्या तोंडात धरला आणि मला चालू केलं. पिवळी साल सरसर निघू लागली. प्रशांत बाजूला उभा होता. आपल्या मुलीला काम करताना त्याने बहुतेक पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. मागे एवढी जागा मोकळी असताना ती सगळं तोंडाशी एवढ्याशा जागेत का करते, असं त्याने विचारलं. कोमलने मशीन बंद केलं, त्याचा हात धरला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

"तुमच्या दसऱ्याच्या नारळाचो खड्डो. हत्यार थंयसून गेला तर काम वाकडां जाता."

प्रशांतचं बोट त्या खड्ड्यात बसलं. तो ते काढीचना. दर वर्षी ज्या दिवशी त्याने मला देव मानलं, त्याच दिवशी त्याने मला मोडलं होतं, आणि मुलीने त्याबद्दल चकार शब्द न काढता उरलेल्या जागेत संसार मांडला होता. त्याने फडकं उचललं आणि पाठ पुसू लागला. पुसता पुसता, वर न बघता, त्याने परेशला टेम्पो परत न्यायला सांगितलं. परेश बरंच बोलला. ते पुन्हा सांगून मी तुमचे कान विटाळत नाही.

चंद्रावती बुश घेऊन गेली. हेल्गाबाईने जाताना जमिनीवरची पितळेची एक गुंडाळलेली साल उचलून रुमालात ठेवली. तिच्या गावी आता कुणी या आडनावाची घरं किती उरली असं विचारलं, तर इब्रामपूरचं एक घर ती जास्त मोजणार होती.

यंदाच्या दसऱ्याला प्रशांत नारळ घेऊन आला तेव्हा माझी पाठ आपोआप आखडली. तो पायरीकडे वळला आणि नारळ दगडावर फोडला. मग आत येऊन त्याने तेलाचा डबा हातात घेतला. तेल कुठे सोडायचं ते त्याला माहीत नव्हतं. कोमलने बोट दाखवलं. खड्डा आहे तिथेच आहे. तो सोनेरी रंगही अजून निघालेला नाही, तो पाहिला की मला मळमळतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी असंच मुकाट्याने राबत असेल. वर्षातून एकदा त्याच्या गळ्यात हार घालून मोकळे होऊ नका. हात फिरवा, कुठे खड्डा पडलाय ते बघा. आणि माझ्याकडे आलात, तर नाव वाचायला मागाहून वाका. आधी थोडं तेल घाला.